देवाच्या डोहातला मांगूर

माझी आतेबहीण गंधाली मासा खात नाही, पण माशांशिवाय तिला दुसरं काही सुचतही नाही. अंबडच्या कोर्टात कारकून असलेल्या तिच्या वडिलांना ती वकील व्हायला हवी होती. ती जालन्याच्या एका कॉलेजात शिकवू लागली आणि सुट्टी लागली की लेकरांना घेऊन आमच्या आष्टीजवळच्या गावात येऊन नदीत उतरू लागली. जाळं टाकायचं, आलेला मासा मोजायचा, वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. लोक मला विचारायचे, बहिणीच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना? मी चिडायचो, कारण शंका मलाही होती.

तिचा जीव अडकला होता तो महादेवाच्या देवळाखालच्या डोहात. उन्हाळ्यात आमची नदी आटते, पाणी राहतं ते या डोहातच. मरळ, वाम, शिंगटी, बोटाएवढे चिल्लर मासे, सगळे तिथेच तग धरतात आणि पाऊस झाला की ओढ्यानाल्यांत पांगतात. डोह रिकामा झाला तर नदी रिकामी झाली म्हणून समजा, असं ती सांगायची. तिथला मासा देवाचा, त्याला कुणी धरत नाही. पुजारी रखमाजींनी तिला जाळं टाकू दिलं ते एका शब्दावर. जाळ्यात आलेला प्रत्येक मासा जिवंत परत पाण्यात जाईल, असं तिने पिंडीवर हात ठेवून सांगितलं होतं. आजवर तिने तो शब्द काटेकोर पाळला होता.

या मे महिन्यात जाळं हलकं येऊ लागलं. चिल्लर मासा दिसेनासा झाला. गंधालीचं जेवण तुटलं, माझ्या बायकोशीही ती धड बोलेना. मग एका सकाळी जाळ्यात हातभर लांब, काळा, मिशाळ मासा आला आणि तिचा चेहरा उतरला.

"श्रीपतीदादा, हा इथला नाही. विदेशी मांगूर आहे हा. बारके मासे सगळे हाच खातोय."

तेवढ्यात काठावरून आमच्या गावातल्या पुष्पाबाई ओरडल्या, "अगं, माझाच मासा हाय त्यो! सोड त्याला पाण्यात!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. पुष्पाबाईंचा नातू बबलू हिवाळ्यात तापाने बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडला होता. पोरगं वाचलं तर देवाच्या डोहात जिते मासे सोडीन, असा नवस त्या बोलल्या होत्या. जिवाच्या बदल्यात जीव. बाजारात जिवंत मिळतो तो मांगूर, कारण तो पाण्याबाहेरही टिकतो. त्यांनी बादलीभर आणून सोडले. बबलू पुन्हा पळू लागलेला पाहून आणखी काही जणांनी तसाच नवस फेडला. पुण्य करायला गेले आणि देवाच्याच घरात दरोडेखोर घुसवून बसले!

गंधालीने मासा बादलीत टाकला आणि वर झाकण दाबून धरलं. "हा मी परत सोडणार नाही."

माणसं जमली. नवस फेडणाऱ्यांतला कडूबा तर बाह्या सारून पुढे आला. रखमाजी पायऱ्या उतरून खाली आले. "ताई, तुम्ही शबूद दिल्ता. पिंडीवर हात ठिवून."

"दिला होता, काका. आज मोडतेय. पावसाच्या आत हे बाहेर काढले नाहीत तर पुरात नदीभर पसरतील."

"मंग उद्यापासून डोहाला हात लावायचा न्हाई तुम्ही. बिलकुल न्हाई."

मी म्हणालो, चल घरी. ऐकते कसली! तिने झाकण काढलं. "मावशी, बघा."

धडपडीत माशाने पोटातलं ओकून टाकलं होतं. पाण्यावर शिंगटीची पिल्लं तरंगत होती, अर्धी पचलेली.

पुष्पाबाई बादलीवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "देवाला दिलेलं म्या वापस घेतलं, आन् देवानं बी त्याचं वापस घेतलं तर?"

कडूबाही मागे सरला. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बबलूच उभा होता. गंधाली नवससायास मानत नाही, आमच्या सत्यनारायणाला ती फक्त शिऱ्यापुरती येते. मला वाटलं, आता ही भाषण ठोकणार. पण ती म्हणाली, "देवाला माझं नाव सांगा, मावशी. गंधालीनं घेतलं म्हणावं."

पुष्पाबाईंनी देवळाकडे तोंड करून हात जोडले. "महादेवा, हिचं ऐकू नको. लेकुरवाळी हाय ही. माझंच नाव धर." आणि पदर खोचून त्यांनीच जाळ्याची दोरी धरली. रखमाजींनी दुसरं टोक उचललं. पाऊस येईपर्यंत गाव जाळं ओढत राहिलं. निघालेले मांगूर खड्ड्यात पुरायचे, आणि पुरण्याआधी रखमाजी त्यांच्यावर बेलाचं पान ठेवायचे. सगळे निघाले का, हे गंधालीलाही सांगता येत नाही.

त्यानंतर जालन्याहून तिचा रोज सकाळी फोन यायचा. मला वाटलं, माशांची चौकशी असेल. पण पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बबलू कसा आहे?" श्रावणात एकदा मी सहज बोलून गेलो, "जरा कणकण आहे त्याला, शाळेत गेला नाही." दुपारच्या एसटीने बाईसाहेब आष्टीला उतरल्या आणि डोहाकडे न फिरकता थेट पुष्पाबाईंच्या घरी गेल्या. मी मागोमाग पोचलो. पोरगं अंथरुणात बसून मजेत बिस्किटं खात होतं. ही त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली होती आणि तिच्याच तोंडावरचा रंग उडाला होता.

पुष्पाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू बी भ्यालीस व्हय गं?"

"हो," गंधाली म्हणाली आणि तिला रडू फुटलं.