बुधवारचा फोन

कुसुमताई गेल्याची बातमी आली ती बुधवारी संध्याकाळी, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या बाईने जायलासुद्धा स्वतःच ठरवून दिलेला वार निवडला. नगरहून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शैला, माझी बायको, चपात्या लाटत होती. मी तिला खुणेनेच गॅस बंद करायला सांगितलं. भाऊ म्हणाला, "सकाळी गेली. चार-पाच महिने झाले दुखण्याला. तुम्हाला माहीतच असंल सगळं." मला काहीही माहीत नव्हतं. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या पंधरा-वीस माणसांत, एकालाही माहीत नव्हतं. मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो, कारण त्या बिचाऱ्यापुढे दुसरं काय बोलणार... फोन ठेवल्यावर रडू आलं नाही, संताप आला. त्याला आता दीड महिना होईल आणि तो उतरलेला नाही. तेव्हा या लेखात गोड गोड आठवणी शोधणाऱ्यांनी पान उलटलं तरी चालेल.

मी कुवेतला जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. शैला आणि मुलगी संगमनेरला. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, हातात नाही, आणि त्याच्या पायी पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसात अडकलेला. पंधरा दिवसांत मी परत जायचं पक्कं केलं होतं. एका दुपारी कॅन्टीनमध्ये एकटाच बसलो होतो, तर समोर एक ठेंगणी, चाळिशीची सिस्टर येऊन उभी राहिली. माझ्या खिशावरची नावाची पट्टी वाचून म्हणाली, "गायकवाड? नगरकडचे का?" मी मान हलवली तशी तिने हात जोडून "सलाम" म्हटलं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसांचा हा घरचा नमस्कार; तो तिथे त्या परक्या कॅन्टीनमध्ये ऐकला आणि माझे डोळे भरून आले. तिने डबा उघडून बाजरीची भाकरी माझ्यापुढे सरकवली. "आधी खाऊन घे. रडायचं ते नंतर रड, मी थांबते," म्हणाली. आणि खरोखर थांबली. घड्याळात बघत, मध्येच "झालं का?" असं विचारत. सांत्वनाची ही पद्धत मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. मी "ताई, तुम्ही" असं काहीतरी सुरू केलं, तर म्हणाली, "अहो-जाहो करू नको, उगाच म्हातारी वाटते. शुक्रवारी उपासनेला ये. पत्ता लिहून घे." पेन माझ्याकडे नव्हतं, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

कुवेतला सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. शैला आल्यावर उपासना आमच्या हॉलमध्ये भरू लागली, अर्थात आम्हाला न विचारता. "तुमचा हॉल मोठा आहे," एवढंच कुसुमताई म्हणाली. चिठ्ठ्यांची पद्धत तिचीच. वार्डातून ईसीजीच्या रोलची वाया गेलेली टोकं ती आणायची, गुलाबी चौकड्यांचा तो कागद कात्रीने कापून प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायची. त्यावर आपलं नाव आणि आपला प्रार्थनेचा विषय लिहायचा, घडी करून खजुराच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. शेवटच्या गीतानंतर डबा फिरायचा. ज्याला ज्याची चिठ्ठी येईल त्याने आठवडाभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि बुधवारी त्याला फोन करायचा. बुधवारच का, तर म्हणे शुक्रवारचं बळ बुधवारपर्यंत संपतं. एकमेकांना धीर देणं हे ख्रिस्ती माणसाचं काम आहे आणि काम म्हटलं की त्याची ड्यूटी लावायला हवी, असं तिचं सरळ म्हणणं होतं. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर हजेरी व्हायची: "बुधवारी फोन केला का? काय बोलला? नुसतं कसं आहे विचारून ठेवला का?" पन्नाशीचे डॉक्टरसुद्धा तिच्यापुढे शाळेतल्यासारखे चाचरायचे. एसीची कामं करणारा आमचा साळवे, सहाजणांच्या खोलीत राहायचा, त्याने एकदा लिहिलं, "मुदीरची बदली व्हावी." मुदीर म्हणजे त्याचा मॅनेजर. ताईने ती चिठ्ठी परत लिहायला लावली. "मुदीरला सुबुद्धी मिळो असं लिही," म्हणाली. साळवे म्हणाला, "ताई, सुबुद्धीला येळ लागंल, बदली लवकर होती." आमची मुलगी तर उघडच म्हणायची, "पप्पा, आंटी इज सो बॉसी." मी तिला गप्प बसवायचो आणि मनात म्हणायचो, खरं आहे बाळा.

मला ते सगळं जाचायचं. आठवडाभर रक्ताच्या बाटल्या बघून आल्यावर बुधवारी कुणाला तरी फोन करून त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, हे मला प्रेमापेक्षा गृहपाठच वाटायचं. आणि तरी... वडील गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. माती द्यायला मी नव्हतो. त्यानंतर तीन शुक्रवार उपासना आमच्याच घरात आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून पडलेला. बुधवारी फोन वाजायचा, मी उचलायचो नाही. चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, दोन बस बदलून कुसुमताई दारात. उन्हाने चेहरा लालबुंद. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "प्रार्थना करायला आले नाही, घाबरू नको. चहा टाक." दोन तास बसली. वडिलांबद्दल एक शब्द काढला नाही. मी केलेल्या चहाला नावं ठेवली, पडद्यांना नावं ठेवली, मग मीच वडिलांबद्दल बोलायला लागलो तेव्हा मात्र एकदम गप्प होऊन ऐकत राहिली. त्या शुक्रवारी मी हॉलमध्ये बसलो. मी कुवेतला टिकलो, देवावर रुसून कायमचा बाहेर पडलो नाही, याचं कारण ती दुपार आहे, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर म्हणाली असती, भाषण नको.

कारण तिचं सगळं एकाच बाजूने चालायचं. खरा राग माझा इथे आहे. तिची स्वतःची चिठ्ठी गेली दहा-बारा वर्षं एकच होती: "माझं ठीक आहे. सर्वांसाठी प्रार्थना करावी." इतकं पाठ झालेलं की आम्ही त्या चिठ्ठीला 'सुट्टी' म्हणायला लागलो होतो. बाकीच्यांच्या घड्या दोन पदरी; ती चार पदरी घडी करून वर कोपरा दुमडायची, त्यामुळे न उघडताच कळायचं. कुसुमताईची चिठ्ठी आली की सुटलो! त्या आठवड्यात विशेष काही मागायचं नाही, बुधवारी फोनही नाही, कारण केला तर तीच आपली उलटतपासणी घेणार. डबा फिरताना साळवे तर बोटांनी चाचपून तो दुमडलेला कोपरा शोधायचा. मी एकदा तिला म्हटलं, "ताई, कधीतरी तूही काही मागत जा." तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" एकटी बाई, भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेलं, संध्याकाळी जाब्रियातल्या त्या एका खोलीत काय करत असेल, हा प्रश्न आमच्यातल्या कुणालाही पडला नाही. धीर देणाऱ्याला धीर लागत नाही अशी आम्ही आमची सोय करून घेतली होती, आणि त्या सोयीला तिनेच खतपाणी घातलं होतं. दोष कुणाचा किती, याचा हिशोब मला लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वाळली. शैलाने विचारलं तर "जिना चढते हल्ली, लिफ्ट बंद आहे," म्हणाली, आणि आम्हाला ते पटलं. त्यातल्या एका शुक्रवारी डब्यातून माझ्या हाती दुमडलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी आली. मी शैलाकडे बघून ओठांनी नुसतं "सुट्टी" म्हटलं आणि चिठ्ठी गीतांच्या पुस्तकात सरकवली. बुधवार आला, गेला. पुढच्या शुक्रवारी कुसुमताई आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि त्या दिवशी तिने हजेरी घेतली नाही. बुधवारी फोन केला का, असं कुणालाच विचारलं नाही. आम्हाला बरं वाटलं. साळवे जाताना म्हणालासुद्धा, "ताई आज लई निवांत." महिनाभराने ती रजेवर नगरला गेली. निघण्याआधी खजुराचा डबा आणि कात्री आमच्याकडे ठेवून गेली. मला वाटलं, दोन महिन्यांसाठी.

तिच्यासाठी आमच्या हॉलमध्ये उपासना झाली तेव्हा एकेकजण उठून सांगत होता, ताईने मला कसं सावरलं. साळवे बोलताना रडला. सगळे शेवटी तेच म्हणत होते, की ती कधी बोललीच नाही. मीही तेच म्हणायचं ठरवून आलो होतो. गीतासाठी पुस्तकाची एरवी न उघडणारी मागची पानं उघडली आणि चार पदरी घडी मांडीवर पडली. गुलाबी चौकड्या, वरचा कोपरा दुमडलेला. ती उघडायला मला पूर्ण गीत लागलं. आत तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "कुसुम. बुधवारी मी घरी आहे. फोन करावा."

एवढंच. मागतानासुद्धा हुकूम सोडल्यासारखं. जाब्रिया ते सालमिया, गाडीने दहा मिनिटं. लोकल फोन फुकट. ती बुधवारी घरी होती, म्हणजे ड्यूटीवर जाण्याइतकं बळ नव्हतं. ती फोनपाशी बसली असणार, आणि फोन वाजला नाही. माझी उठून बोलायची पाळी आली तेव्हा मी चिठ्ठी वाचून दाखवली आणि खाली बसलो. मी तिच्यावर चिडलो होतो, अजूनही चिडलोय. अगं, सरळ हाक मारायची होतीस, नाव घेऊन, नेहमीसारखं रागावून... पण हाक तिने मारली होती. ती माझ्या पुस्तकात होती.

डबा आता मी फिरवतो. कागद साधाच, वहीचा. गेल्या शुक्रवारी साळवेची चिठ्ठी मला आली, त्यात लिहिलं होतं, "सर्व ठीक." बुधवारी मी फोन केला. तो म्हणाला, "काही नाही भाऊ, सगळं मजेत." मी म्हटलं, "मी निघालोय. चहा टाक."