तेजसच्या पेपरची तयारी

सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या देवजीने घरातली एकही परीक्षा नशिबावर सोडली नव्हती. लायसन्सच्या वेळी त्याने आरटीओबाहेर उभं राहून, सुटून येणाऱ्यांकडून प्रश्न काढले होते. बायकोच्या, सुचिताच्या, शिवणक्लासच्या परीक्षेलाही त्याने तेच केलं आणि ती पहिली आली. ती शिवते चांगलं म्हणून आली असेल, हे देवजीला अजून पटलेलं नाही.

त्यामुळे पोराची परीक्षा ठरली तेव्हा तो लगेच कामाला लागला. पंधरा वर्षांचा तेजस मित्राच्या स्कूटीवरून पडला होता आणि मार डोक्याला बसला होता. जखम भरली, चालणं-फिरणं सुरू झालं, पण बोलणं आटलं. आधी हा पोरगा बापाला असं फाटकन उत्तर द्यायचा की देवजीचा हात शिवशिवायचा. आता काहीही म्हणा, "हो बाबा." नातेवाईक म्हणाले, चला, पोरगं सुधारलं. देवजीने त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि मोरीचं दार लावून रडला.

वाशीच्या दवाखान्यात अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या मनस्वी मॅडम तेजसला तपासणार होत्या. ऐकलेलं लक्षात राहतं का, स्वतःहून विचार करून बोलता येतं का, ते बघून जूनमध्ये दहावीत बसवायचं की नाही हे ठरणार होतं. देवजीने सानपाड्यातल्या, मॅडमच्याच एका पेशंटच्या बापाला वडापाव खाऊ घालून प्रश्न आणले आणि पोराकडून घोटून घेतले.

"तेजस, मी पाच शब्द सांगते," मॅडम म्हणाल्या, "ते लक्षात..."

"छत्री, हत्ती, गुलाब, चमचा, नदी," तेजस म्हणाला.

मॅडमनी देवजीकडे पाहिलं. देवजीने भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहिलं.

"बरं, एक गोष्ट सांगते."

"त्याने पाकीट परत केलं," तेजस म्हणाला.

मॅडमनी पुस्तिका मिटली. "देवजीदादा, तुमची स्मरणशक्ती छान आहे. पण याला अडतंय कुठे तेच मला कळलं नाही, तर मी शिकवू काय?"

हे देवजीच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगा नापास होऊ नये, एवढंच त्याला कळत होतं.

मॅडमनी नवा प्रश्न काढला. "तेजस, मित्राला होडीतून खाडीत फिरवायचंय. आधी काय करशील?"

मॅडम थांबल्या. थांबणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. देवजीला मात्र ते कधी जमलं नव्हतं, आणि अपघातानंतर तर पोराने तोंड उघडायच्या आत तोच उत्तर देऊन टाकायचा.

"आधी डिझेल," देवजी म्हणाला.

तेजसने हळूच मान वळवली.

"बाबा... तू गप रव ना." मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "आधी भरती बगाची. ओहोटी असली तर... चिखलात डिझेल ओतून काय, शेती करशील?"

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "हेही पाठ करून घेतलं होतं?"

"नाय मॅडम," देवजी म्हणाला.

तेजसला पुढच्या प्रश्नांसाठी आत ठेवून मॅडमनी बापाला बाहेर काढलं. बाकावर सुचिता बसली होती.

"कसा गेला पेपर?"

"मना उलट बोलला," देवजी म्हणाला आणि तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, रडायला लागला.

सुचिताने पिशवीतून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला आणि त्याला बाजूला बसवलं.

"काय बोलला?" ती म्हणाली. "सगला सांग."