चिमणीवरची सुटी तार

माझी शाळा नांदेडची, इंग्रजी माध्यमाची. पुढे लातूरला दोन वर्षं क्लास. दीडशे मुलांच्या त्या वर्गात मी एकदाही हात वर केला नाही. मोजमापाच्या नोकरीत न बोलता भागेल, असं वाटलं होतं.

लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काँक्रीटच्या चिमणीला तडा गेला होता. तापल्यावर तो किती उघडतो, हे आम्हाला मोजायचं होतं. मोठ्या मोटरींजवळ विजेवरची मोजणी भरकटते, म्हणून प्रकाशावर चालणारे काचतंतू आणले होते. तंतू ताणला की त्यातला प्रकाश बदलतो. नुसता तापला तरी बदलतो. त्यामुळे एक तंतू तड्यावर चिकटवायचा आणि दुसरा शेजारी सुटा ठेवायचा. सुट्याला फक्त उष्णता कळते. ती वजा केली की ताण उरतो.

तंतू चिकटवून परांचीवरून उतरल्यावर कारखान्याचे मिस्त्री म्हणाले, "ताई, एक तार लोंबत व्हती. तीबी तड्यावरच गच्च बसवली."

चूक कळली, तरी मी नुसती मान हलवली. माझ्या मराठीला सगळे हसायचे, आणि मिस्त्री वडिलांच्या वयाचे होते.

दुसऱ्या दिवशी बॉयलर चाचणीपुरता पेटवला. पडद्यावरची रेषा सपाट राहिली.

"चिमणी ठणठणीत हाय!" कारखान्याचे चीफ इंजिनिअर म्हणाले. "परवा अग्निप्रदीपन. पत्रिका वाटून झाल्यात."

आमचे साहेब अहवालावर सही करायला बसले. हंगामासाठी बॉयलर पेटवायच्या त्या समारंभात परवा चिमणीखाली पूजा होणार होती, माणसं बसणार होती.

"सर, रेषा खोटी आहे," मी म्हणाले. "सुटी तारही चिकटवलीय. दोन्ही सारख्याच ताणल्या जातात. वजा केलं की काही उरत नाही."

"कधी कळलं?"

"काल."

"मग तोंड शिवलं व्हतं का, म्याडम?" चीफ इंजिनिअर म्हणाले.

मिस्त्री बाजूलाच उभे होते. "सुटं ठिवायला हात धजत न्हाई, ताई. भूकंपात आमच्या भिंतीचे दगड नुसते मातीवर रचलेले व्हते. आई त्यातच गेली."

मी स्टीलची बारीक नळी मागवली. मिस्त्रींनी नळी चिमणीला पक्की केली आणि नवा तंतू तिच्यात मोकळा सोडला. ओढून पाहिला, सरकत होता.

"असं चालंल?"

"हो. असंच हवं."

पुन्हा बॉयलर पेटवला. चिमणी तापत गेली तशी रेषा चढली आणि धोक्याची ठरलेली मर्यादा ओलांडून गेली. चीफ इंजिनिअरांनी आग विझवायला सांगितली. मग फोन लावला, "पाव्हण्यांना कळवा, कार्यक्रम पुढं गेला." माझ्याशी ते त्या दिवशी परत बोलले नाहीत.

साहेबांनी नवा अहवाल मला लिहायला दिला. पहिल्या चाचणीचे आकडे का बाद केले, याचा एक रकाना होता. जोडणी चुकली, असं मोघम लिही, असं ते म्हणाले. मी लिहिलं की चूक चाचणीच्या आदल्या दिवशीच मला कळली होती आणि मी सांगितली नाही. खाली माझं नाव घातलं.