बाहेरचं वारं, आतलं वारं

आमच्याकडे कुणाला पक्षाघात झाला की म्हणतात, अंगावरून वारं गेलं. लहानपणापासून मी हे इतक्यांदा ऐकलंय की जातं म्हणजे नेमकं काय जातं, कुठून येतं, असा प्रश्न कधी पडलाच नाही. तो पडला शारजात, एका चिनी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. तोवर आमच्या घरात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचे हे फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर होते. आठवडाभर तिथे कंपनीच्या खोलीत राहायचं आणि सुट्टीला डोंगर ओलांडून शारजात अल मजाजला घरी यायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. घरात पाऊल टाकलं की पहिलं काम एसी अठरावर. मी दुलईत गुरफटलेली आणि हे गार झोताकडे तोंड करून घोरतायत. सांगून सांगून माझी जीभ झिजली. एका शनिवारी सकाळी चहाला बसले तर चहा ओठाच्या कडेने गळून सदऱ्यावर. बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं.

"अहो, उठा, हॉस्पिटलला जाऊ," म्हटलं.

"काही नाही गं. एसीचं वारं लागलंय. शेक दे, तेल लाव, दुपारपर्यंत जातं."

शब्द जड येत होते, पण हुकूम नेहमीचाच. एसी बंद करवला. भर मे महिन्यात, शारजात, कानाला माफलर गुंडाळला, आणि मला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायला पिटाळलं. ह्यांच्या वडिलांचं तोंड असंच एकदा वाकडं झालं होतं, ते म्हणे तिळाच्या तेलाने आणि शेकाने सरळ झालं. तेव्हापासून आमच्या घरात ही विद्या सिद्ध. मी पुन्हा म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावते. तर खेकसले, "डोकं खाऊ नकोस." तेवढं बोलून आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला ऐकवलेलं हे शेवटचं सबंध वाक्य.

उठले तेव्हा उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, आणि ते तास तुम्ही घरी घालवलेत. तुम्ही म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी येऊन बसावं माझ्या जागी. मला राग यायचा, आणि रागाबरोबर रडू यायचं, दोन्ही एकदमच.

हात-पाय एक वेळ राहू देत. ह्यांची वाचा गेली. जिन्यात भेटलेल्या माणसाशी अर्धा तास गप्पा छाटणारा माणूस. लिफ्टमध्ये कुणी ओळखीचं भेटलं की मी पुढे निघून जायचे. त्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, 'यल्ला'. अरबीत 'चला, आटपा'. टर्मिनलवर दिवसभर ट्रकवाल्यांना, खलाशांना जे म्हणत राहायचे तेच. पाणी हवं, यल्ला. उशी टोचतेय, यल्ला. मुलीचा फोन आला, डोळ्यांत पाणी, आणि यल्ला. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, फार वापरलेला शब्द कधी कधी असा एकटाच शिल्लक राहतो. मी मनात म्हटलं, मग 'अगं' का नाही राहिला? दिवसातून शंभरदा तर मला 'अगं' म्हणायचे. मला दुसरं काही नको होतं. एकदा ह्यांनी माझ्याशी मराठीत एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं.

त्यासाठी मी ह्यांना चिनी दवाखान्यात नेलं. न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच, ते म्हणाले ॲक्युपंक्चरच्या सुया चालतील, पण पोटात काही द्यायचं नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. आमची मुलगी अबुधाबीत रीम आयलंडवर राहते, मी मराठीत बोलते नि ती इंग्रजीत उत्तर देते. ती फोनवर म्हणाली, "आई, ही इज नॉट युअर प्रोजेक्ट. लेट हिम बी." मी फोन ठेवून दिला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. इंग्रजीत सुरुवात करायच्या आणि अडलं की हिंदीत शिरायच्या, तीही पठाणी टॅक्सीवाल्यांकडून शिकलेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना माफलरची कथा सांगितली. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "आमच्यातही याचं नाव तेच. वाऱ्याने मारलं." मग ह्यांच्या डोक्यात, हातात, पायात सुया टोचून झाल्यावर आम्ही दोघी स्टुलांवर बसलो आणि त्या सांगायला लागल्या. पुढे हा रिवाजच पडला. सुया अंगात असेपर्यंत बाई त्यांच्या वैद्यांच्या गोष्टी सांगणार आणि मी ऐकणार.

त्यांच्या अगदी जुन्या ग्रंथांत म्हणे वारं बाहेरूनच येतं. माणूस आतून पोकळ, अशक्त झाला की दार उघडं सापडल्यासारखं ते शिरतं. वरवर लागलं तर कातडी बधिर होते, तोंड वाकडं होतं. खोल गेलं तर माणूस माणसं ओळखत नाही, आणि सगळ्यांत खोल गेलं की जीभ ताठते, बोलता येत नाही. मी विचारलं, "म्हणजे आमच्या ह्यांचं बरोबरच होतं?" बाई म्हणाल्या, "हजार वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. आज माझ्या नवऱ्याचं तोंड वाकडं झालं तर मी सुई हातात घेणार नाही. आधी ॲम्ब्युलन्स." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट घरी येऊन मी तो माफलर कचऱ्यात टाकला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नंतरच्या वैद्यांना म्हणे शंका आली. वारा नसतानाही माणसं पडतात, बंद खोलीत पडतात, ती कशी? मग भांडणं लागली. एक म्हणाला, आत आग भडकते. राग, चिंता, अति झालेली कुठलीही भावना ती पेटवते. दुसरा म्हणाला, आग कसली, शक्तीच आटते. तिसऱ्याने सगळं खापर कफावर फोडलं. मला हसू आलं, कारण हे तिन्ही वैद्य आमच्या इमारतीत येऊन गेले होते. इथली आपली मराठी मंडळी जिवाला जीव देणारी, डब्यांवर डबे आणून दिले. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एक काका म्हणाले, "वहिनी, फार तापट हो, ट्रॅफिकमध्ये किती चिडायचे." एक वहिनी माझ्या फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "तळलेलं, गोड जरा जास्तच व्हायचं का हो तुमच्याकडे?" आणि ह्यांच्याबरोबर टर्मिनलवर असलेला एक जण हळूच म्हणाला, "रिटायरमेंट आली, व्हिसाचं काय, घर कुठे घ्यायचं, या काळजीने पोखरून गेले होते. तुम्हाला बोलले नाहीत?"

नव्हते बोलले. जगाशी बोलणारा माणूस माझ्याशी ते बोलला नव्हता.

मी एकेका वैद्यावर विश्वास ठेवत गेले. आग म्हटलं की मला ह्यांच्या नोकरीचा राग यायचा. कफ म्हटलं की माझ्या कढईचा. शक्ती आटली म्हटलं की त्या डोंगरातल्या रस्त्याचा, दर आठवड्याला एकट्याने गाडी हाकण्याचा. बाई सांगायच्या, पुढे तर वैद्य म्हणू लागले, वाराच आत जन्मतो, खालचा ओलावा सुकला की यकृतातून वर उसळतो. मी म्हटलं, "थोडक्यात काय, दोष माणसाचाच." त्या म्हणाल्या, "तुम्ही सारखा दोष का शोधता?" दोष सापडला की तो काढून टाकता येईल आणि हे बोलतील, असं मला वाटत होतं.

मग त्यांनी एका वैद्याची गोष्ट सांगितली. तो म्हणे, ग्रंथ बाजूला ठेवून प्रेतं बघत हिंडला, खरं शरीर कसं असतं ते डोळ्यांनी बघायला. तो म्हणाला, वारा नाही, आग नाही, कफ नाही. अंगात दहा हिस्से शक्ती असते, पाच इकडे, पाच तिकडे. पाच गेले की उरलेले एकाच बाजूला गोळा होतात, आणि ज्या बाजूला रक्त पुढे ढकलायला कुणी नाही ती बाजू पडते. गेलेले पाच परत मिळवायचा काढा त्याने केला, तो आजही चालतो. मी विचारलं, त्यात काय असतं? बाई म्हणाल्या, कसलीशी मुळी, भरपूर, आणि गांडूळ. मी म्हटलं, बरं झालं पोटात काही द्यायचं नाही ते, चतुर्थी पाळणारं घर आहे आमचं. त्या खूप हसल्या. हेही हसले, अर्ध्या तोंडाने. त्या दुपारी मला वाटलं, आता येणार वाचा.

"गेलेले पाच येतात परत?" मी विचारलं.

"हातात थोडे येतील. बोलण्याचं मी वचन देत नाही," बाई म्हणाल्या. "मागचे वैद्य एकमेकांशी इतके भांडले, कारण कुणालाच सगळे रुग्ण बरे करता आले नाहीत."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. इन्शाल्ला म्हटलं. आठवड्यातून तीन दिवस ह्यांना खुर्चीत घालून नेत राहिले. सुया टोचल्या की मी शाळामास्तरणीसारखी समोर बसायची. कप दाखवून, "हे काय? कप. म्हणा, कप." कंगवा दाखवून, "कंगवा. क म्हणा." हे माझ्याकडे बघत राहायचे आणि दमून यल्ला म्हणायचे. मी म्हणायची, यल्ला नाही, कप.

एक दिवस असाच कप हातात धरला होता. हे म्हणाले, "पुरे."

स्वच्छ. प सुटा, र सुटा. ह्यांचाच आवाज. मला वाटलं भास झाला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "पुरे." मी कप ठेवला आणि रडत, हसत बाईंचा हात धरला, "बोलले, मराठीत बोलले." बाई आनंदल्या, विचारलं, "क्या बोला?" आणि मला सांगताच येईना. तेवढ्यात ह्यांनी डावा हात उचलला आणि उजव्या मनगटातली सुई चिमटीत धरून ओढायला लागले.

बाईंनी तो हात धरला. मला विचारलं नाही, ह्यांच्याकडे वाकून विचारलं, "बस?" ह्यांनी मान हलवली. बाईंनी एकेक करून सगळ्या सुया काढल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. गाडीत मी ह्यांना म्हटलं, अजून थोडे दिवस, आत्ताच तर सुरुवात झाली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्याशी जे बोलायचं होतं ते त्यांचं बोलून झालं होतं. घरी पोचल्यावर मी दवाखान्यात फोन करून पुढच्या सगळ्या वेळा रद्द केल्या.

मग दुपारचं जेवण. मऊ वरणभात कालवून चमच्याने भरवत होते. दोन घास झाल्यावर मी विचारलं, "अजून देऊ?" देणार तर मी होतेच, पोट भरलं नव्हतं हे मला दिसत होतं. तो शब्द पुन्हा ऐकायला मुद्दाम विचारलं. हे म्हणाले, "पुरे," आणि तोंड फिरवलं. मग काही केल्या घास घेईनात. उरलेला भात मी तिथेच त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्याच चमच्याने खाल्ला.