आधी रिमोट, मग विमान

दादाचं विमान वर्षभर आमच्या हॉलमध्ये चादरीखाली होतं. पंख काढून कपाटामागे उभे केलेले, धड सोफ्याशेजारी आडवं. घरी कोणी आलं की चादरीकडे न बघता बोलायचं, आणि आम्हीही तसंच करायचो. तापाचं निमित्त होऊन माझा भाऊ गेला, तेव्हा ते उडायला जवळजवळ तयार होतं. फक्त आत एकच रिसीव्हर बसवलेला होता. दुसरा डबीत होता, सील न फोडलेला.

रिसीव्हर म्हणजे विमानाचा कान. खाली उभा असलेला माणूस रिमोटवरून जे सांगतो, ते या चपट्या डबीला ऐकू येतं आणि ती इंजिनाला, शेपटीला पुढे कळवते. लहान विमानाला एक कान पुरतो. हे पेट्रोलवर चालणारं, एकट्याने उचललं तर कंबर धरेल एवढं. असं धूड हवेत बहिरं झालं तर ते खेळणं राहत नाही. म्हणून दोन रिसीव्हर, त्यांना दोन वेगळ्या बॅटऱ्या, दोन वेगळी बटणं. एकाची अँटेना आडवी तर दुसऱ्याची उभी, म्हणजे विमान कसंही वळलं तरी दोघांपैकी कोणीतरी ऐकत असेल.

दादाने हे समजावलं तेव्हा मला वेगळं पटवावं लागलं नव्हतं. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी युनियनची पत्रकं आली. बाबा ती तुर्भ्याला कारखान्यांच्या गेटवर वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचे. छापील बाजूवर बहुतेक वेळा एकच मागणी असायची: दुसरा ब्रेक लावा, दुसरा दरवाजा उघडा ठेवा. दुसरा दरवाजा म्हणजे चैन, असं म्हणणारा माणूस नेहमी पहिल्या दरवाजाशेजारी बसलेला असतो, हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

एका रविवारी संध्याकाळी दादाचा मित्र आला. दोघं मिळून विमानं उडवायचे. पूर्वी खाडीकडच्या मोकळ्या जागेत, आणि नवा विमानतळ झाल्यावर तिकडे मनाई आली म्हणून थेट कर्जतच्या पलीकडे. आईने त्याला स्वतःच फोन केला होता. "घेऊन जा आणि एकदा उडव," एवढंच म्हणाली होती.

आम्ही चादर काढली. त्याने झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

"तुझ्या भावाने काय आवळलेत गं हे. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून लपवायचं होतं का काय?"

"त्याला वाटायचं तू उघडशील."

"उघडलंच की शेवटी," तो म्हणाला, आणि पुढचा स्क्रू फिरवायला लागला.

विमानं उडवणाऱ्यांचा एक नियम असतो: आधी रिमोट चालू करायचा, मग विमान. बंद करताना उलट. म्हणजे विमान एक क्षणही कोणाच्या हुकुमाशिवाय जागं राहत नाही. पण त्या दिवशी त्याला फक्त जुन्या रिसीव्हरचा दिवा लागतोय का ते बघायचं होतं. त्याचा स्वतःचा रिमोट टेबलावर बंद होता. "लाल लुकलुकेल," तो म्हणाला. "मालक शोधत असतो ना तो." आणि त्याने बॅटरी जोडली.

दिवा लाल झालाच नाही. लगेच हिरवा झाला आणि स्थिर राहिला.

मग शेपटीवरची उभी फळी, तिला रडर म्हणतात, हळूच डावीकडे गेली. मधे आली. उजवीकडे गेली. आतल्या छोट्या मोटरचा बारीक कण्हल्यासारखा आवाज हॉलभर ऐकू येत होता. मित्राने दोन्ही हात विमानापासून वर उचलले, चटका बसल्यासारखे. फळी पुन्हा डावीकडे गेली. दादा असंच करायचा. आई स्वयंपाकघरातून डोकावली की शेपूट हलवून तिला टाटा करायचा.

बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आई पलंगावर बसली होती आणि तिच्या मांडीवर दादाचा रिमोट होता.

"हललं का?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात आशाही नव्हती आणि भीतीही. ती रोज संध्याकाळी, दिवा लावून झाला की, दादाचा रिमोट चालू करायची. चार्ज करून ठेवायची. दादाने तिला नियम शिकवला होता आणि त्यातला अर्धा ती रोज पाळत होती. तो चालू होताना येणारा 'टी-टी' आवाज मी वर्षभर शेजारच्यांच्या मायक्रोवेव्हचा समजत होते.

मित्राने झाकण खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं. एक रिसीव्हर एकाच रिमोटचं ऐकतो. दादाच्या रिमोटवर त्याचा हात बसलेला नव्हता, एवढं धूड तो आपल्याच रिमोटवर उडवणार होता. आणि त्याच्या रिमोटला जोडला की जुनी ओळख पुसली जाणार.

"म्हणजे मी हलवलं तर हलणार नाही," आई म्हणाली.

"नाही, काकू." मग तो माझ्याकडे वळला. "आपण असं करू. जुन्याला हात नको लावायला. डबीतला नवा माझ्या रिमोटला जोडून बसवतो, त्याच्यावर उडवतो. एकदाच तर उडवायचंय. टेन्शन नको घेऊ."

"एकावर?"

"एकदाच गं."

"आणि खाली कोण असतं?" माझा आवाज चढला. "कर्जतला खाली बायका भात कापत असतात. गुरं असतात. तुम्ही सगळे वर बघत असता म्हणून खाली कोणी नसतं काय? एकावर उडणार असेल तर ते घरातच सडू दे."

"मग मी दुसरा नवा मागवतो. हा काकूंकडे राहू दे. वेळ लागेल, पण..."

"नको," आई म्हणाली. ती रिमोट घेऊन बाहेर आली आणि विमानाजवळ खाली बसली. "तो विमानात बसवायला आणला होता त्याने. डबीत घालून काय करू त्याचं?" मग तिने विचारलं, "पुसायच्या आधी बघता येईल का, त्यात अजून त्याचं काय आहे ते?"

मित्राला आठवलं. रिमोटचा आवाज तुटला तर विमानाने काय करायचं, तेही रिसीव्हरमध्ये आधीच सांगून ठेवावं लागतं. पुसलं की तेही जाणार. "काकू, रिमोट बंद करा," तो म्हणाला.

आईने बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचं पेट्रोल कमी-जास्त करणारी दांडी बंदच्या बाजूला सरकली आणि रडर थोडं डावीकडे वळून तिथेच थांबलं. कोणी सांगत नसताना. दादा इतका नसलेला मला आधी कधी जाणवला नव्हता, आणि इतका हजरही.

"इंजिन बंद आणि जरासं डावं," मित्र पुटपुटला. "म्हणजे सरळ जाऊन गावात नाही पडणार. इथल्या इथे गोल फिरत खाली येईल."

म्हणजे दादाने खाली बघितलं होतं. माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना.

आईने पेन्सिल मागितली. रडर जिथे थांबलं होतं, तिथे शेपटीवर तिने बारीक रेघ ओढली. मग म्हणाली, "आता पुसा."

मित्राने दोन्ही रिसीव्हर आपल्या रिमोटला जोडले, आणि दोघांतही तीच सूचना भरली. मग एकेकाची बॅटरी काढून बघितलं. एक बंद पडला की दुसरा ऐकत होता. शेवटी त्याने रिमोट बंद केला. रडर वळलं, आणि आईच्या रेघेवर येऊन थांबलं.

"हां," आई म्हणाली. "एवढंच."

विमान कर्जतपलीकडे उडालं. आई आली नाही. वर असताना एकदाही रिमोटचा आवाज तुटला नाही, त्यामुळे दादाची ती सूचना वापरायची वेळ आली नाही. आता ते पुन्हा हॉलमध्ये आहे, चादरीशिवाय. संध्याकाळी बेडरूममधून 'टी-टी' ऐकू येतं. माझी नजर शेपटीकडे जाते. ती हलत नाही, हलणार नाही, हे मला माहीत आहे आणि आईलाही.

एकदा न राहवून मी विचारलं, "आता कशाला लावतेस गं?"

"आधी रिमोटच लावायचा असतो," ती म्हणाली.