टेलला पाणी पोचेपर्यंत

स्वतःच्या रक्तात काय चाललंय हे माझ्या मावशीच्या थोरल्या दिरांइतकं नेमकं सांगणारा माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात दुसरा नाही. मी त्यांना काकाच म्हणतो. नोकरी पाटकऱ्याची, कालव्याचं पाणी शेतांकडं जाणाऱ्या चाऱ्यांत सोडायची. आणि तीस वर्षं डोक्याच्या आजारावर लिथियमची गोळी, तीही कुणापासून न लपवता. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनीच रक्त द्यायचं म्हणून नगरच्या लॅबच्या पायरीवर ते घड्याळ धरून बसायचे आणि लिथियमच्या पातळीचा आलेला आकडा घरी ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. मावशी म्हणायची, "भावजी, पाव्हणे यायचेत, तेवढी भिंत पुसा की." यांचं उत्तर ठरलेलं, "वाचू दे पाव्हण्यांना. पट्टीतच हाय, कमी न्हाई का जास्त न्हाई." खिशात काडेपेटीत मीठ. एका लग्नात आमटी अळणी निघाली, यांनी पेटी उघडली, आचारी फुगला. त्याला म्हणाले, "तुला नावं न्हाई ठेवत, गड्या. माझी किडनी अडानी हाय. मीठ कमी पडलं की ती लिथियमच धरून बसती, मग रक्तातली पातळी चढती." पुढच्या पंगतीला आचारी स्वतः आमटीची चव विचारायला आला.

माझी शाळा नववीत सुटली ती याच आजारानं. मलाही लिथियमच; सुरू होऊन आठ दिवस झाले तरी झोप नाही, म्हणून मी गोळ्यांची डबी चारीत फेकायला निघालो. काकांनी अडवलं नाही. "फेक, पर आधी माझ्यासंगं बस," म्हणाले. सकाळी त्यांनी चारीचं दार उचललं आणि मला पार टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतात नेऊन बांधावर बसवलं. भाकरी खाऊन झाली, दुपार झाली, माती कोरडीच.

"गोळी पोटातनं रक्तात दोन-चार तासांत उतरती," ते म्हणाले. "अंगात जितं जितं पानी, तितं तितं जाती. पर डोकं टेलला हाय, लेका. तितं वल जिरायला दिवस लागत्यात."

उन्हं कलल्यावर पाणी आलं. मी डबी खिशात घातली. पुढच्या पंधरवड्यात कधीतरी मला सलग झोप लागली.

आज मी होसूरला ओतकामाच्या भट्टीपुढं उभा असतो. घामातनं मीठ फार गेलं की अजून धास्ती वाटते, म्हणून पाणी ठरल्या वेळी आणि खिशात काडेपेटी. सोबतची पोरं हसतात, हसू देत. गेल्या साली काकांची किडनी थकली. डॉक्टरांनी लिथियम बंद करून दुसरी गोळी दिली. परवा फोनवर मी भीतभीतच म्हणालो, "काका, आता आकडा नाही. करमत नसंल."

"तुझा सांग की."

मी सांगितला. थोडा वेळ भिंतीवर खडू घासल्याचा आवाज आला. मागनं मावशी म्हणाली, "भावजी, जरा मोठा काढा. हितनं दिसत न्हाई."