आकडे वाचणारे काका

सहावीनंतर मी कधी पळालो नव्हतो. त्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने मला फळा दिसेनासा झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत समोरचा माणूसही. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच उजेडावरून कळतं. चालणं काठीने होतं आणि मी चांगला चालतो. बिबवेवाडीतल्या घरून बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस धरून शनिवार पेठेजवळची बँक, जिथे मी टेलिफोन ऑपरेटर आहे, असा रोज एकटा जातो. पण चालताना अर्धं अंग कायम सावध असतं. फुटपाथवर कुणीतरी मोटरसायकल लावून ठेवलेली असते, काल नसलेला खड्डा आज असतो. पुढे काय आहे याचा विचार न करता सगळा जोर लावून सुटायचं, हे मी विसरूनच गेलो होतो.

एक्केचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. बायकोने घराजवळची एक जिम शोधून काढली. तिथली ट्रेनर मूळची अकोल्याची. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आली, कॉलेजच्या बोट क्लबमध्ये नदीत वल्हवायला शिकली आणि नोकरीपेक्षा व्यायामातच रमली. मी वाशिमकडचा आहे हे कळल्यावर तिला जरा बरं वाटलं असावं. ट्रेडमिलचा फिरता पट्टा मला नको वाटत होता. तो माझा नकार तिने लगेच मान्य केला आणि मला कोपऱ्यातल्या रोइंग मशीनपाशी नेलं. सगळं हाताने चाचपायला लावलं: मागेपुढे सरकणारी सीट, पावलं बांधायचे पट्टे, साखळीच्या टोकाची मूठ, आणि पुढे जाळीतला पंखा. मूठ ओढली की तो फिरायचा आणि अंगावर वारा यायचा.

"सर, हे मशीन कुठेच जात नाही," ती म्हणाली. "समोर खांब नाही, खड्डा नाही. लावा किती जोर लावायचा तो."

मी लावला. दोन-चार मिनिटांतच छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या आणि थांबल्यावर मला उगाचच हसू येऊ लागलं. तीस वर्षांनी मी पळालो होतो, बसल्या जागी. घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला उठवलं.

महिन्याभराने ट्रेनरने माझं पाचशे मीटरचं अंतर लावलं. दोन मिनिटं एकवीस सेकंद लागले. सराव केला तर दोन मिनिटांच्या आत याल, असं ती म्हणाली, आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

अडचण एवढीच की मशीनचा पडदा मला दिसत नव्हता. मशीन जुनं, फोनला जोडता यायचं नाही. फोनच्या कॅमेऱ्याने आकडे वाचवून पाहिले, पण काचेवर ट्यूबलाइट पडायची आणि फोन भलतंच काहीतरी बोलायचा. ट्रेनरला सकाळच्या गर्दीत दहा माणसं सांभाळायची असत. एकदा मी फोनशी अशीच खटपट करत असताना शेजारच्या सायकलवरून एक खडखडीत आवाज आला.

"अहो, तुमचा फोन खोटं बोलतोय. दोन मिनिटं अठरा सेकंद झालेत. दशांश चार."

हे काका. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे. रोज सकाळी येऊन शेजारच्या सायकलवर संथपणे पायडल मारत पेपर वाचायचे. त्या दिवसापासून माझे आकडे वाचायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीही विनंती केली नव्हती. मी बसलो की त्यांच्या पेपराची घडी घातल्याचा आवाज यायचा. शेवटी आकडा सांगायचे, दशांशासकट, आणि वर एखादा शेरा. "दोन सोळा, दशांश एक. एवढ्यात आमच्याकडे चहा होतो." एकदा मी अठरा-एकोणीसच्या मधलं काहीतरी आहे का असं विचारलं, तर म्हणाले, मोजणीत मधलं काही नसतं.

पुढचे चार महिने ट्रेनरने माझं ओढणं मुळापासून बदललं. मी सगळी ताकद हातांनी लावत होतो. आधी पाय, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी हात, हे तिने माझ्या पाठीवर तळवा ठेवून शिकवलं. परत येताना उलटं: आधी हात सुटायचे, मग कंबरेतून पुढे झुकायचं, मग गुडघे. मला घाई फार. सीट पुढे धाडकन आदळायची. ती म्हणायची, ओढताना वीज, परतताना सावकाश. मी आवाजावरून शिकलो. पंख्याची घरघर दर ओढीला सारखी उमटायला हवी आणि सीट पुढे येताना चाकांचा आवाज एकसंध हवा. पाचशे मीटरमध्ये सुरुवातीला दोन-तीन तोकड्या ओढी मारून पंखा जागा करायचा, मग लांब ओढींवर यायचं, आणि पहिल्याच शंभर मीटरमध्ये जीव उधळायचा नाही, हेही तिचंच. दोन चौदा, दोन नऊ, दोन पाच. काका आकडे वाचत गेले, मी खाली येत गेलो.

आणि दोन तीनवर अडकलो.

नेमकी तेव्हाच ट्रेनर बहिणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेली होती, तीन आठवड्यांसाठी. मी एक दिवसाआड पाचशे मीटर काढायचो आणि काका म्हणायचे, "दोन तीन. मागचंच." शेरा नाही, काही नाही. मी श्वास बदलून पाहिला, पाय जरा वर बांधून पाहिले, रात्रीचा भात सोडला. अंगाला वाटायचं की आज वेगळं झालंय, पंखा जास्त गर्जला. पण आकडा तोच. एकदा घरी येऊन बायकोला म्हणालो, आपल्याच्याने आता एवढंच. त्या दिवसांत काका माझ्या डोळ्यांबद्दल विचारू लागले होते. सुरुवात कशी झाली, दिव्याभोवती वलय दिसायचं का, ऊन सहन व्हायचं का. मला वाटलं, म्हातारा माणूस, ओळख वाढली तसं विचारतोय. मी सगळं सांगितलं.

ट्रेनर परतली त्या सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी पाचशे मीटर ओढलं आणि मुठीवर डोकं टेकून बसलो.

"दोन तीन," काका म्हणाले.

ट्रेनर मागून पुढे आली. मग म्हणाली, "सर, एक अठ्ठावन्न. दशांश नऊ."

शेजारची सायकल थांबली. तिने मशीनमध्ये साठवलेले जुने आकडे उघडले आणि सांगितलं की नऊ दिवसांपूर्वीसुद्धा एक एकोणसाठ होतं. म्हणजे ज्या दिवशी मी हार मानून घरी गेलो होतो, त्याच दिवशी मी दोन मिनिटांच्या आत आलो होतो. मी तिला पुढचं वाचू नको म्हणालो. काकांकडे तोंड करून विचारलं, हे काय आहे? पेपर उचलल्याचा आवाज आला आणि त्यांची पावलं दाराकडे गेली.

मला राग आला होता. माझ्या जागी कुणालाही आला असता. पण डोळस माणसावर विसंबण्याची सवय आयुष्यभराची आहे, आणि तो विश्वास मोडल्यावर जे वाटतं ते रागापेक्षा वाईट असतं. पायाखालची फरशी निघाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. चौथ्या दिवशी मी ट्रेनरला सांगितलं, मला त्यांच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत सोड.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कोण हे सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, या, आत आहेत, चार दिवस कुणाशी बोलत नाहीयेत. मग चहा आणायला आत जाता जाता, हळूच नव्हे तर चांगलं ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, परवा यांनी कपाच्या बाहेर चहा ओतला आणि हात भाजून घेतला, विचारलं तर म्हणतात कप सरकला.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "दिसत नव्हतं, तर सांगायचं ना काका."

"कुणाला? तुम्हाला?" ते म्हणाले. "तुमच्यासमोर बसून मी डोळ्यांची तक्रार करायची?"

मग त्यांनी सांगितलं. महिन्याभरापासून पडद्यावरचे आकडे धुक्यात गेले होते. दिव्यांभोवती कडी दिसायची. माझ्यासारखाच आजार असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं आणि भीतीने डॉक्टरकडे गेले नव्हते. "शेवटचा जो आकडा मला नक्की दिसला होता, तोच सांगत राहिलो. उगाच कमी सांगितला असता, तर खोटं ठरलं असतं."

"हेही खोटंच होतं, काका."

"हो," ते म्हणाले. "होतं."

एवढं सरळ कबूल केल्यावर माझ्याकडे राग ठेवायला जागा राहिली नाही. मी त्यांना सांगितलं, माझा आजार या वयात असा सुरू होत नाही, मला जे वाटतंय ते साधं आहे, पण ते सांगणं माझं नाही, डॉक्टरांचं काम आहे. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर काय विचारायचं हे मला पाठ आहे, तेव्हा उद्या मी रजा टाकतो.

दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलं. तपासणी झाली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. शस्त्रक्रियेने स्वच्छ दिसेल, डॉक्टर म्हणाले. बाहेर आलो तर दुपारचं ऊन, आणि त्या औषधामुळे त्यांना डोळे उघडवेनात. मी कोपर पुढे केलं. त्यांनी धरलं. माझ्या काठीच्या मागे मागे, तीन पायऱ्या आहेत, आता डावीकडे, असं ऐकत ते रिक्षापर्यंत आले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तुम्ही रोज असं चालता?" मी हो म्हणालो. बिबवेवाडी येईपर्यंत त्यांनी कोपर सोडलं नाही.

दोन्ही डोळ्यांचं व्हायला दोन महिने गेले. तेवढे दिवस ट्रेनर आकडे वाचायची, कधी माझी बायकोही यायची. मी एक सत्तावन्नवर आलो. साखरही उतरली. खरं तर मी ज्यांचे आभार मानावेत अशी यादी लांब आहे: पाठीवर तळवा ठेवून शिकवणारी ती अकोल्याची पोरगी, साडेपाचचा गजर बंद न करणारी बायको, आणि ते कुठेही न जाणारं मशीन, ज्याने माझं पळणं मला परत दिलं. पण काका परत येईपर्यंत सकाळ पुरी वाटत नव्हती, हेही खरं.

आले त्या दिवशी ते सायकलवर बसले नाहीत. ट्रेनरकडून त्यांनी मशीनची साठवण उघडून घेतली, खुर्ची ओढली आणि कागद-पेन काढलं. मला म्हणाले, बसा, फेरमोजणी करायची आहे. मग त्या तीन आठवड्यांतला एकेक दिवस त्यांनी वाचून काढला. "सोमवार. मी दोन तीन सांगितलं. प्रत्यक्षात दोन दोन, दशांश सहा. बुधवार. दोन एक, दशांश तीन." ते लिहीत होते आणि वाचत होते. मी एकेक सकाळ आठवत होतो. त्या दिवशी पंखा जास्त गर्जला असं वाटलं होतं, ते बरोबर होतं. अंगाला जे कळलं होतं, ते सगळं बरोबर होतं.

शेवटचा आकडा वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मला वाचता येणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि पावलांचे पट्टे बांधायला घेतले.